एकटीचा प्रवास आणि ताटातले नियम



हल्ली आपल्या समाजात एक विषय वारंवार निघतो. मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि आता म्हणते, पाठीला सॅक लावून एकटीच महिनाभर युरोप फिरून येते. घरात पहिला प्रश्न येतो सुरक्षिततेचा आणि लगेच दुसरा, "खाशील काय?" आपल्याला वाटतं की हा प्रश्न आजच्या पिढीने उभा केला. खरं म्हणजे तो १८८३ सालचा आहे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात, तेरा दिवसांच्या अंतराने, दोन मराठी बायका समुद्र ओलांडून गेल्या. दोघींनी ताटाचा प्रश्न आपापल्या परीने सोडवला.

पहिल्या आनंदीबाई जोशी. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अवघं अठरा. यजमान गोपाळराव इथेच राहिले, बोटीवर सोबतीला होत्या त्या परक्या मिशनरी बायका. निघण्यापूर्वी श्रीरामपूरला (आपल्या जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं) भरसभेत त्यांनी सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. साडी सोडायची नाही, मांसाहार करायचा नाही, हे ठरवूनच त्या निघाल्या.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. २० एप्रिलला त्या मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. नुकतं वैधव्य आलेलं, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. तिकिटासाठी त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीच्या पैशातून प्रवासखर्च उभा केला. मी कॉमर्सची, म्हणून मला या गोष्टीचं फार अप्रूप. रमाबाई आपल्या नगरच्याही ओळखीच्या. त्यांच्या आर्य महिला समाजाची एक शाखा इथे निघाली होती. आणि प्रवास तर त्यांच्या अंगवळणीच पडलेला. लहानपणी आईवडिलांबरोबर आणि पुढे भावाबरोबर त्यांनी पायी चालत हिंदुस्थान पालथा घातला होता. आपल्या साध्वीजी विहारात जेवढं पाठीखांद्यावर पेलेल तेवढंच सोबत घेतात, तसाच तोही संसार.

इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात उतरल्या. सोबत गेलेली मैत्रीण थोड्याच महिन्यांत तिथे वारली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे महाराष्ट्रात केवढं काहूर माजलं! तो वाद मी इथे उकरत नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच. धर्म बदलल्यावरही त्यांनी मांसाहार केला नाही. ज्या सिस्टरांच्या आधाराने राहत होत्या त्यांनाही हे पटायला जड गेलं, पण रमाबाई हलल्या नाहीत. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. कष्टाने राहिल्या, म्हणून आपल्या पानात काय वाढायचं ते ठरवण्याचा मानही त्यांचाच राहिला.

आनंदीबाईंची गोष्ट ऐकताना मात्र जीव हळहळतो. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी मिसेस कार्पेंटर यांच्याशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या थेट त्यांच्या घरी गेल्या. या बाईंना आनंदीबाई मावशी मानत. त्या घरात उन्हाळा सुखाचा गेला. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झालं आणि हाल सुरू झाले ते तिथे. खोली गार. शेकोटी पेटवावी तर धूर कोंडायचा, न पेटवावी तर हुडहुडी. दिवसभर कॉलेज करून स्वतःपुरतं रांधायचं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, थंडी सोसेना, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण बदललं. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम अमेरिकेला गेल्या होत्या. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

"शाकाहाराचा हट्ट भोवला" असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. क्षयावर औषध तेव्हा जगात कुठेच नव्हतं. आणि तसंच ताट सांभाळणाऱ्या रमाबाई १९२२ पर्यंत जगल्या, शेकडो जणींचं मुक्तिसदन त्यांनी चालवलं. पण एवढं मात्र खरं, की नियम पाळायला मनाच्या निश्चयाइतकीच एक ऊबदार खोली आणि हाताशी चूलही लागते. आनंदीबाईंना रोझेलला ती मिळाली, फिलाडेल्फियात मिळाली नाही.

आपल्या समाजातलं उदाहरण दहा वर्षांनंतरचं. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेचं आमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना आलं. साधूंना वाहन वर्ज्य, म्हणून त्यांनी मुंबईच्या वीरचंद राघवजी गांधींना पाठवलं. वय एकोणतीस. डोक्याला काठेवाडी पगडी, आहार जैन पद्धतीचा, आणि व्याख्यानं अमेरिकेपासून इंग्लंडपर्यंत. परत आल्यावर समुद्र ओलांडला म्हणून आपल्याच काही मंडळींनी त्यांना जातीबाहेर टाकायची भाषा केली. आत्मारामजी महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दुष्काळ पडला, तेव्हा याच वीरचंदभाईंनी अमेरिकेतून धान्याचं जहाज पाठवण्याची खटपट केली. बाहेर गेलेलं माणूस घराला असंही उपयोगी पडतं.

या तिघांचा जमाखर्च मांडला तर एक गोष्ट दिसते. काय सोडायचं नाही, हे तिघांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि ती यादी छोटी होती. बाकी भाषा, हवा, बसणं-उठणं त्यांनी तिथलं स्वीकारलं. म्हणून "हे नको, ते नको" अशी शंभर कलमं मुलीच्या हातात देऊ नका. तिच्यापाशी बसा आणि तीन-चार गोष्टी तिलाच ठरवू द्या.

मग सोय बघा. मुक्काम असा निवडा की जिथे स्वयंपाकघर वापरता येईल, बऱ्याच हॉस्टेलांत ते असतं. खाखरा, मेतकूट, भाजलेला रवा न्यावा. पेढे, तूप, चक्का मात्र नको, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चीजमध्ये रेनेट आणि गोळ्यांत जिलेटिन असतं का, हे विचारायला शिकवा. चोविहार करणारीने सूर्यास्ताची वेळ पाहून ठेवावी. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत. लेस्टर आणि अँटवर्पला आपली मंदिरं आहेत, तिथे दर्शन होईल आणि ओळखीही होतील.

आणि निघण्यापूर्वी तिकडच्या एखाद्या घराशी पत्ररूपाने, आता फोनने, नातं जोडून द्या. आनंदीबाईंना कार्पेंटर मावशी होत्या. आपल्या लेकीलाही तिकडे एक मावशी असावी.