प्रवेशाचे गुणोत्तर आणि न आलेले अर्ज

महाविद्यालयांची तुलना करताना आपण अंशात मिळालेले प्रवेश आणि छेदात आलेले अर्ज मांडतो. गुणोत्तर जितके लहान, तितके महाविद्यालय ‘निवडक’ समजले जाते. हा निकष एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याला लावून पाहा.

१८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ तेव्हा परीक्षा घेई. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन आणि १८८५ पासून फर्ग्युसन ही महाविद्यालये करीत. सर्वांसाठी मॅट्रिक ही एकच प्रवेशपरीक्षा होती. खरी निवड मात्र त्याआधीच होऊन जाई: गावात शाळा आहे का, फी परवडते का, इंग्रजी येते का? १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले: महसूल रयत भरते, उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे सुरू केली, ती हीच आधीची अडचण दूर करण्यासाठी. आज काही कृषी महाविद्यालयांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी जागा राखीव असतात, त्यामागेही हाच विचार आहे.

तेव्हा कोणतेही गुणोत्तर वाचताना एक प्रश्न जरूर विचारा: छेदात कोण आलेच नाही?