पिशवीतली चमक

नदीकाठी सापडलेला अकीक किंवा जास्पर घरी चमकवण्याचा छंद अनेकांना असतो. लहानशा पिंपात दगड, पाणी आणि घासणारी पूड घालून ते मोटारीवर तीन-चार आठवडे फिरवत ठेवायचे. यंत्र नवे, युक्ती मात्र जुनीच.

दख्खनच्या लाव्हारसातील पोकळ्यांत जन्मलेला अकीक गुजरातेत रतनपूरजवळ जमिनीखाली सापडतो. लोथलला चार हजार वर्षांपूर्वी मण्यांचे कारखाने होते. पुढे खंबायतने हा वारसा चालवला. तिथले कारागीर मणी, अकिकाची पूड आणि पाणी चामड्याच्या पिशवीत भरत. दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी कित्येक दिवस एकमेकांकडे लोटत. आजचे पिंप म्हणजे तीच पिशवी!

पिशवी ओली, म्हणून धूळ उडत नसे. पण विजेवरची घासचाके आली आणि मण्यांना आकार देताना कोरड्या दगडाची बारीक धूळ कारागिरांच्या छातीत जाऊ लागली. सिलिकोसिसने खंबायतेत अनेकांचा बळी घेतला. हा आजार बरा होत नाही.

म्हणून मंडळी, छंद जरूर जोपासा. पण दगड कापताना, घासताना तो ओलाच ठेवा. आणि बाजारात अकिकाची माळ घेताना, ती घासणाऱ्या हातांचीही आठवण ठेवा.