आवाजाचे क्षितिज

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक सोडले की ओझर लागते आणि त्यापुढे पिंपळगाव बसवंत. द्राक्षे, टोमॅटो आणि कांद्याच्या व्यापाराचे हे गाव. इथल्या बाजार आवारात उभ्या असलेल्या एखाद्या ट्रकमधला रेडिओ सुरू केला, तर आकाशवाणीचे नाशिक केंद्र 101.4 मेगाहर्ट्झवर लागते. मुंबईचे एफएम केंद्र मात्र एरवी लागत नाही. तसे पाहिले तर मुंबई इथून सरळ रेषेत 165 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे फार दूर नाही. पण मध्ये सह्याद्री आहे, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे पृथ्वीचा गोलावा.

आता कल्पना करा, हाच रेडिओ या गावाच्या माथ्यावरून, दहा हजार मीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानात खिडकीशी धरला आहे. तिथे मुंबई, पुणे, सुरत यांच्या एफएम लहरी पोहोचतात. इतकेच काय, साडेतीनशे किलोमीटरवरचे अहमदाबाद आणि इंदूरही त्या टप्प्यात येतात. रेडिओ तोच, गावही तेच. बदलली ती फक्त उंची. या उंचीने आपल्याकडच्या ऐकण्याचा इतिहास कसा घडवला, ते आज पाहू.

एफएमच्या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापेक्षा दीपगृहावर चढलेल्या माणसाला दूरचे जहाज आधी दिसते, तसेच इथेही घडते. याचा एक सोपा हिशेब आहे. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण 4.1 ने गुणा, म्हणजे लहरींचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. शंभर मीटर उंच मनोऱ्याचे क्षितिज 41 किलोमीटर. ऐकणारा जमिनीवर असेल तर त्यात आणखी पाचेक किलोमीटरची भर. सपाट मुलूख धरला तरी मजल 45 किलोमीटरच्या पुढेमागे संपते. दहा हजार मीटरवरच्या विमानाचे क्षितिज मात्र 410 किलोमीटर भरते!

गंमत अशी की, आपल्याकडे रेडिओ आला तेव्हा दूरचे ऐकणे हेच त्याचे मोठे आकर्षण होते. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याची ताकद अवघी दीड किलोवॅट. शहराबाहेरच्या श्रोत्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता. रेडिओसंच महाग, लायसन्सधारक थोडे. 1930 मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारला प्रसारण हाती घ्यावे लागले. त्यानंतर रेडिओला जीवदान मिळाले ते बऱ्याच अंशी परदेशातून. डिसेंबर 1932 मध्ये बीबीसीने लंडनहून लघुलहरींवर साम्राज्यासाठी प्रसारण सुरू केले आणि इथे संचांची मागणी वाढली. पुढच्या दोन वर्षांत लायसन्सांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. मुंबईचे ऐकण्यासाठी जे रेडिओ घेत नव्हते, त्यांनी लंडन ऐकण्यासाठी तो घेतला.

त्याच वर्षी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईत जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. नकाशा, होकायंत्र आणि डोळे यांच्या भरवशावर तो प्रवास झाला. जमिनीवरचा माणूस लंडन ऐकू लागला होता, पण विमानातल्या वैमानिकाला खालच्या धावपट्टीवरचा माणूसही काही सांगू शकत नव्हता.

लंडनचा आवाज इतक्या दूर कसा येई? लघुलहरी आकाशात सुमारे शंभर किलोमीटरपासून वर पसरलेल्या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होतात आणि हजारो किलोमीटरवर पुन्हा जमिनीला भिडतात. मध्यम लहरींनाही रात्री हा आधार मिळतो. म्हणूनच जुने श्रोते सांगतात की, अंधार पडला की रेडिओ ‘उघडत’ असे. रेडिओ सिलोनची लोकप्रियता याच थरांवर उभी होती. 1952 नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळजवळ दार बंद झाले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आवाज लाटेसारखा वरखाली होई, मध्येच खरखर होई, तरी माणसे कान लावून बसत. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. समुद्रापलीकडच्या एका केंद्राने आपल्या सरकारला धोरण बदलायला लावले, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही.

त्याच काळात आपल्या शेजारी दूरच्या आवाजाने याहून मोठे काम केले. गोव्यात पोर्तुगीजांची कडक सेन्सॉरशिप होती. नोव्हेंबर 1955 मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. पुढे ते कॅसलरॉकला हलले. पोर्तुगीज आणि कोकणीतून बातम्या देणारे हे केंद्र गोवा मुक्त होईपर्यंत, सहा वर्षे चालले. 19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, तेव्हा ही दोघे भारतीय हवाई दलाच्या विमानात बसली आणि गोव्यावर घिरट्या घालत त्यांनी मुक्तीची बातमी आकाशातून ध्वनिक्षेपकावर सांगितली. सहा वर्षे घाटातून येणारा आवाज त्या दिवशी थेट डोक्यावरून आला. 2025 मध्ये, वयाच्या शंभरीत, लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री मिळाली.

मग एफएम आले. अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याला 1933 मध्ये या तंत्राचे पेटंट मिळाले. विजेचा कडकडाट असो की मोटारीची फटफट, आवाजात खरखर येत नाही, हा त्याचा मोठा गुण. भारतात पहिले एफएम प्रसारण 1977 मध्ये मद्रासला झाले. 2001 मध्ये बंगळुरूला पहिले खासगी केंद्र आले आणि पुढे हे लोण शहराशहरांत पसरले. आवाज स्वच्छ झाला, पण आकाशातला तो आरसा गेला, कारण या लहरी एरवी त्या थरांवरून परतत नाहीत. त्यांना भेदून त्या अवकाशात निघून जातात.

विमानातला प्रवासी मात्र या मर्यादेतून सुटतो. तिथे त्याला वेगळाच घोळ ऐकू येईल. ‘रेडिओ मिर्ची’ मुंबई, पुणे आणि अहमदाबाद या तिन्ही शहरांत 98.3 वरच आहे. जमिनीवर ती केंद्रे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. उंचावर मात्र तिन्ही एकाच वेळी समोर येतात. एफएमच्या रेडिओची रीत अशी की, दोन लहरींपैकी जी बळकट, ती दुसरीला पुरती दाबून टाकते. त्यामुळे विमान पुढे सरकते तसे मुंबईचे निवेदन तुटते आणि त्याच आकड्यावर अचानक गुजराती सुरू होते. दूरची केंद्रे पकडण्याचा छंद जगभर आहे. त्याला ‘डीएक्सिंग’ म्हणतात. कोणते केंद्र कधी ऐकले ते कळवून पोचपावतीची कार्डे जमवणारे हौशी लोक आपल्याकडेही आहेत.

पण विमानात या छंदाला आडकाठी आहे, आणि तिला कारण आहे. एफएम रेडिओ नुसता ऐकत नाही, तो स्वतःही किंचित बोलतो. त्याच्या आत एक छोटा आंदोलक असतो आणि तो बहुधा लावलेल्या केंद्रापेक्षा 10.7 मेगाहर्ट्झ वर चालतो. आपले नाशिकचे 101.4 लावले की आत 112.1 तयार होतात. विमानांना दिशा दाखवणारी जमिनीवरची केंद्रे 108 ते 118 याच पट्ट्यात असतात! छोट्या रेडिओतून झिरपलेली ही लहर दिशादर्शक यंत्रात गोंधळ करू शकते, असे तपासण्यांत दिसले आणि 1961 मध्ये अमेरिकेने त्यावर नियम केला. इतर देशही त्या वाटेने गेले. म्हणून विमानात कर्मचाऱ्यांची सूचना असेल तर रेडिओ बंदच ठेवावा, हे बरे.

जमिनीवर राहूनही दूरचे एफएम कधीकधी लागते. निफाड तालुक्यातली थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पारा उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा निरभ्र, शांत पहाटे जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवा असा उलटा थर बसतो. हा थर लहरींना वाकवून क्षितिजापलीकडे नेऊ शकतो. द्राक्षाच्या घडांना धास्ती घालणारी हवा रेडिओला मात्र अनुकूल असते. ऊन वर आले की थर मोडतो आणि पाहुणे केंद्र निघून जाते.

हे सारे मौजेचे वाटेल, पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. नाशिक शहरापासून सुरगाणा सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर आहे आणि मध्ये डोंगर आहेत. वरून जाणाऱ्या विमानाला चारशे किलोमीटरवरचे केंद्र मिळते, आणि डोंगराआडच्या पाड्याला आपल्याच जिल्ह्याचे मिळेल याची खात्री नाही. मध्यम लहरींना डोंगराची एवढी अडचण होत नव्हती. पण त्यांचे दिवस सरत चालले आहेत. नागपूरहून रात्रभर देशाला ऐकू जाणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी 1988 मध्ये सुरू झाली होती. 2018 च्या अखेरीस ती बंद करण्याचा निर्णय झाला. त्या बाजूने एप्रिल 2023 मध्ये देशात शंभर वॅटचे 91 नवे एफएम प्रक्षेपक सुरू झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना फोनमधली एफएमची सोय बंद करू नका, असे सांगितले. पूर, वादळ आले आणि नेटवर्क गेले तरी रेडिओ चालतो, हे त्यामागचे कारण.

ही पावले योग्य दिशेची आहेत. मात्र एफएमच्या बाबतीत वॅट किती, यासोबत मनोरा कुठे उभा आहे, हेही विचारले पाहिजे. पूर्वी आकाशातला थर गरीब-श्रीमंत, डोंगर-सपाटी न पाहता सर्वांना दूरचे ऐकवत होता. आता ते काम आपण उभारलेल्या मनोऱ्यांचे आहे. तो कोणत्या डोंगरावर उभा करायचा, हे ठरवताना डोंगरापलीकडे कोण राहते, याचीही नोंद घेतली जावी, एवढीच अपेक्षा.