सूचीकार आणि यंत्र

मराठी ग्रंथसूचीचा इतिहास हा मुख्यतः चिकाटीचा इतिहास आहे. ब्रिटिश म्यूझियममधील मराठी व गुजराती मुद्रित पुस्तकांची ब्लुमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ साली निघाली. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या काळाचा खंड १९४३ साली, तर १९३८ ते १९५० या काळाचा खंड १९६१ साली प्रसिद्ध झाला. आता हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवण्याचा विचार होत असताना, सूचीकार नेमके काय करतो हे आपण पाहिले पाहिजे.

ग्रंथाच्या नोंदीत दोन प्रकारची माहिती असते. शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष ही पुस्तकावरून उतरवून घेता येतात. विषय मात्र ठरवावा लागतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२ पासून ई-पुस्तकांवर केलेल्या प्रयोगांत हाच भेद दिसून आला. शीर्षकासारखी माहिती यंत्राला पुष्कळशी साधली. विषयशीर्षके देताना ते कमी पडले.

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) घ्या. एवढ्याच नावावर विसंबणारे यंत्र त्याला सहज प्रवासवर्णनांत बसवील. वस्तुतः ते हिंदू विधवांच्या स्थितीविषयीचे पुस्तक. हे कळले तरी त्याची नोंद कादंबरी म्हणून करावी की समाजसुधारणेच्या वाङ्मयात, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर देणे म्हणजे वाङ्मयेतिहासात एक भूमिका घेणे होय.

दुसरा धोका अधिक खोल आहे. यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून, आणि जुन्या नोंदी निष्पक्ष नाहीत. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच साहित्यांना प्रत्येकी स्वतंत्र दशक आहे. मराठी साहित्य मात्र ‘इतर’ भाषांच्या ८९० या दशकात, ८९१.४६ या क्रमांकावर येते. ही उतरंड ज्या नोंदींत मुरली आहे, त्यांच्यावर पोसलेले यंत्र तीच अधिक वेगाने पुढे नेईल.

म्हणून यंत्र नाकारावे, असे आम्ही म्हणत नाही. नोंदीवाचून पडलेले पुस्तक अभ्यासकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते, आणि अशा पुस्तकांची प्राथमिक नोंद यंत्राने जरूर करावी. मात्र विषय यंत्राने सुचवला की माणसाने ठरवला, हे प्रत्येक नोंदीत स्पष्ट असावे. दाते यांच्या सूचीशी मतभेद झाला, तर तो कोणाशी आहे हे आपल्याला ठाऊक असते. यंत्राच्या नोंदीबाबतही तेवढी जबाबदारी कोणीतरी नावानिशी घेतली पाहिजे.