डीलर गप्प का बसतो? बहिरमच्या छकड्यापासून मोटारहोमपर्यंत

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना जे पाल्हाळ झालं ते थोडं छाटलंय, सगळं नाही.

विषय निघाला तो एका मित्रामुळे. त्याला मोटारहोम घ्यायचंय. संत्र्याचा बहार निघाला की घरच्यांना घेऊन महिनाभर फिरायचं, हॉटेलची कटकट नको, असा त्याचा बेत. त्यानं चार ठिकाणी चौकशी केली. दोन ठिकाणी मेसेजवर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तिसऱ्यानं ‘बजेट किती?’ एवढं विचारलं आणि तो गायब झाला. चौथ्याकडे फोन लावला की साहेब कायम मीटिंगमध्ये. शेवटी तो मला म्हणाला, “पैसे आपले, धंदा त्याचा. मग हा मानूस बोलत काऊन नाही?”

प्रश्न साधा आहे, पण त्याला इतिहास आहे. आणि तो आपल्या चांदूर बाजारातूनच सुरू करता येतो.

मोटारहोम म्हणजे फिरतं घर. ही कल्पना आपल्या तालुक्याला नवी नाही. बहिरमची यात्रा घ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून, २० डिसेंबरच्या आसपास सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. पूर्वी लोक छकडे, दमण्या जुंपून सहकुटुंब यायचे. राहुट्या ठोकायच्या, मातीच्या हंडीत मटण शिजवायचं, गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे आणि तिथंच मुक्काम करायचा. गाडी हेच वाहन, तीच कोठी, आणि थंडी वाढली की तीच पोरांची झोपायची जागा.

आता ही गाडी कुठून यायची? गावातल्या सुताराकडून. बाभळीचं लाकूड, आरे, तुंबा हे त्याचं काम, चाकावर लोखंडी धाव चढवायचं काम लोहाराचं. शेतीच्या अवजारांची दुरुस्ती बलुत्यात व्हायची, त्याबद्दल सुगीत खळ्यावरून धान्य मिळायचं. अख्खी नवी गाडी बनवायची तर मोबदला वेगळा ठरायचा. एक गोष्ट लक्षात घ्या. सुताराचा हक्क वंशपरंपरेचा होता. शेजारच्या गावातला चांगला सुतार बोलावतो असं सहज म्हणता येत नव्हतं. म्हणजे मक्तेदारी त्याचीही होतीच.

तो वेळेवर काम करायचा का? त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं, आणि त्यात बलुतेदारीचं गोड चित्र मुळीच नाही, चांगलीच टीका आहे. ‘उद्या ये’ हे वाक्य तेव्हाही असणारच. पण ‘उद्या ये’ म्हणणारा माणूस संध्याकाळी विहिरीवर, देवळात, पारावर तुम्हाला भेटणारच होता. त्याला गप्प बसायची सोय नव्हती. त्यामागे प्रेम होतं असं मला म्हणायचं नाही. त्याचं वर्षाचं धान्य तुमच्या खळ्यावर होतं, आणि त्या जोरावर गावानं कारागिरांना किती दाबलं तो वेगळ्या एपिसोडचा विषय आहे.

मग मोटार आली आणि बनवणारा लांब गेला. इथून गोष्ट आकुर्डीला जाते, पुण्याजवळ. आपण मालवाहू गाडीला सर्रास ‘टेंपो’ म्हणतो ना? ते मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. १९५८ मध्ये बजाज टेंपो ही कंपनी उभी राहिली, फिरोदियांच्या पुढाकारानं, आणि त्या तीनचाकीमुळे तो शब्द मराठीत असा मुरला की आता तो परका वाटतच नाही. हीच कंपनी पुढे फोर्स मोटर्स झाली. हिचं नाव लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल. आकुर्डीलाच बजाज ऑटोचा स्कूटरचा कारखाना. १९४८ पासून ते स्कूटर आयात करून विकत होते, १९५९ मध्ये बनवायचा परवाना मिळाला, इटलीच्या पियाजिओशी करार झाला. तो १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये स्वतःच्या नावाची चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. पण हा घोडा दारात यायला वर्षंच्या वर्षं लागायची. नोंदणी केल्यापासून दहा वर्षांपर्यंत थांबलेली माणसं आपल्या घरांत अजून आहेत. आजोबांना विचारा.

तुमच्या-माझ्या पिढीला हे खरं वाटत नाही. माल खपतोय तर जास्त बनवा ना! पण बनवता येत नव्हतं. १९५१ च्या औद्योगिक कायद्यानुसार कोणी किती नग बनवायचे तेही परवान्यात लिहिलेलं असायचं. १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा आल्यावर मोठ्या घराण्यांना क्षमता वाढवणं आणखी अवघड झालं. मंजुरीपेक्षा जास्त माल काढला तर तो गुन्हा. बजाजची एक लाखावी गाडी बाहेर पडली १९७० मध्ये, आणि एका आर्थिक वर्षात एक लाख गाड्या विकायला १९७७ उजाडलं. अख्ख्या देशासाठी, स्कूटर आणि रिक्षा मिळून. त्यातल्या अमरावतीच्या वाट्याला किती येणार, आणि अमरावतीहून चांदूर बाजारला किती, तुम्हीच ठरवा.

आता आपला मुख्य माणूस: डीलर. विक्रीवरही सरकारी नियंत्रण होतं. मोटारींसाठी १९५९ चा आदेश, स्कूटरसाठी १९६० चा. गिऱ्हाइकानं डीलरकडे नाव नोंदवायचं, त्याला क्रमांक मिळायचा, आणि गाडी त्याच क्रमानं द्यायची असा नियम. किंमतही नियंत्रणात. म्हणजे डीलरला माल खपवायची चिंता नाही, भाव वाढवून जादा कमवायची मुभा नाही, आणि गिऱ्हाईक नाराज झालं तरी ते जाणार कुठे? मग त्यानं तुमच्याशी बोलावं कशाला? चांदूर बाजारहून एसटीनं अमरावती गाठायची, काउंटरवर उभं राहायचं, “माझा नंबर कुठपर्यंत आला?” विचारायचं, आणि “अजून वेळ आहे” ऐकून परतीची गाडी पकडायची. आजच्या निळ्या टिकेचाच हा जुना अवतार, फक्त याला तिकीट लागायचं.

काहींची मात्र रांग सुटायची. सरकारी कोटा होता. परदेशातल्या नातेवाइकानं परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर लवकर मिळायची, म्हणून दुबईचा मामा हा तेव्हाचा मोठा आधार. आणि नंबर आलेला माणूस गाडी घेऊन वर ‘प्रीमियम’ लावून दुसऱ्याला द्यायचा, हा तर उघड व्यवहार होता. हुंड्यात स्कूटर मागायची पद्धत याच टंचाईतून फोफावली. पैसे असूनही मिळत नाही अशी वस्तू मागितली की मागणाऱ्याचा तोरा वाढतो. ज्या बापाला मुलगी उजवायची होती त्याच्यासाठी डीलरचं ते ‘अजून वेळ आहे’ म्हणजे काय होतं, विचार करा. लोक राहुल बजाजांच्या धाडसाच्या गोष्टी सांगतात, सांगाव्यातही, पण काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या या माणसाची गोष्ट कोणी सांगत नाही.

या सगळ्यात एक बारीक व्यवस्था होती, आणि माझ्या मते ती फार शहाणपणाची होती. नोंदणीची अनामत पोस्टाच्या बचत खात्यात ठेवायची आणि ते पासबुक डीलरकडे तारण द्यायचं. पैसे तुमच्याच नावावर. डीलर ते काढून आपल्या धंद्यात फिरवू शकत नव्हता. तो तुमच्याशी बोलायचा नाही हे खरं, पण तुमचे पैसे घेऊन पळूही शकत नव्हता. शिवाय क्रमांक आणि तारीख वहीत नोंदलेली. वशिला कितीही चालला तरी भांडायला हातात काहीतरी असायचं.

पुढचं पटकन सांगतो. १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी उघडली, दहा हजार रुपये भरून लाखाच्या वर लोकांनी नावं दिली, क्रम सोडतीनं ठरला. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, एलएमएलची व्हेस्पा आली. २४ जुलै १९९१ ला नवं औद्योगिक धोरण जाहीर झालं आणि बहुतेक परवाने गेले. रांगा वितळल्या. जो डीलर मान वर करत नव्हता तो चहा मागवायला लागला. माणूस तोच, खुर्ची तीच. फक्त आता तुम्ही रस्ता ओलांडून दुसऱ्या शोरूममध्ये जाऊ शकत होतात.

मग आज, एवढा मोकळा बाजार असताना, मोटारहोमवाला गप्प का?

कारण हा बाजारच अजून नीट झालेला नाही. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, कॅरॅव्हॅन उभी करायच्या जागा आणि सोयी यांचा त्यात विचार आहे. पण स्कूटरसारखं शोरूममध्ये जाऊन मोटारहोम उचलता येत नाही. बहुतेक ठिकाणी आधी मूळ गाडी घ्यायची. ती बऱ्याचदा ट्रॅव्हलर असते, म्हणजे आपल्या त्या टेंपोवाल्या कंपनीचीच, १९८७ पासून चालत आलेली. मग बांधणी करणारा आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, संडास बसवतो. मग आरटीओत नोंदणी. मूळ गाडीचा डीलर म्हणतो, आतलं मला माहीत नाही. बांधणीवाला म्हणतो, आधी गाडी आणा. एजंट म्हणतो, आधी कागद आणा. तीन दारं, आणि प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो.

दुसरी गोष्ट माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो. असे बरेच बांधणीवाले म्हणजे छोटे कारखाने. ते एका वेळी एक-दोन गाड्या करतात. एखादं रील चाललं की चौकशांचा पूर येतो आणि त्यातले घेणारे बोटावर मोजण्याइतके. चेतकच्या डीलरकडे गिऱ्हाइकं पक्की होती म्हणून तो बोलत नव्हता. हा बोलत नाही कारण त्याला गिऱ्हाइकावर भरवसाच नाही. आपल्याला मात्र दोन्हीकडून मौनच मिळतं. त्यात तुम्ही चांदूर बाजारातून बोलताय, तो पुण्यात किंवा त्याहून लांब. पारावर तर तो भेटणार नाहीच.

मग पहिल्याच मेसेजमध्ये ‘प्राइस प्लीज’ लिहू नका, ते त्याला दिवसभर येतंच. माणसं किती झोपणार, मूळ गाडी कोणती हवी, पैसे कर्जाचे की रोख, कारखाना बघायला कोणत्या तारखेला येताय, हे लिहा. आणि एक कागद मागा. मोटार कॅरॅव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे मानक आहे, वाहन नोंदणीत मोटार कॅरॅव्हॅन आणि कॅम्पर व्हॅन असे वेगळे प्रकार आहेत. ‘तुमच्या गाडीचं मंजुरीचं प्रमाणपत्र पाठवा, आणि याआधी केलेल्या गाडीची आरसी कोणत्या प्रकारात निघाली ते दाखवा.’ ज्याच्याकडे आहे तो पाठवतो. ज्याच्याकडे नाही तो ‘एकदा या तर खरं’ म्हणतो. परतवाड्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या हुशार गॅरेजवाल्याकडून जुनी ट्रॅव्हलर बदलून घेऊ, असा सल्लाही मित्राला मिळाला होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आधी. मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही.

ॲडव्हान्स देताना पोस्टाचं ते पासबुक आठवा. आज पैसे थेट त्याच्या खात्यात जातात, तेव्हा टप्प्याटप्प्यानं द्या: मूळ गाडी आली की एवढे, सांगाडा झाला की एवढे, आणि आरसी हातात आली की शेवटचा हप्ता. पावतीवर गाडी द्यायची तारीख लिहून घ्या. नुसती चौकशी केली आणि उत्तर आलं नाही, तर कायदा काही करू शकत नाही. पैसे दिलेत आणि मग मौन सुरू झालं, तर तुम्ही ग्राहक आहात. आजोबांच्या रांगेच्या काळात ही सोयच नव्हती, ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. आणि २०१९ च्या नव्या कायद्यानं आपल्यासारख्या लांबच्या गावातल्या माणसासाठी फार कामाची गोष्ट केली: विकणारा कुठलाही असो, तक्रार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते. म्हणजे आपल्याला अमरावती. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. आधी फोन करून बघायचा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मित्राला मी तो सेव्ह करायला लावलाय. अजून त्यानं ॲडव्हान्स दिलेला नाही, चौघांनाही प्रमाणपत्राचा मेसेज तेवढा टाकलाय.