शिक्षा आमदाराला की मतदारसंघाला?

५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केल्याचा ठपका ठेवून भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले. २००९ मध्ये अबू आझमी यांच्यावरील हल्ल्याबद्दल मनसेच्या चौघांना तर चार वर्षांसाठी निलंबित करण्यात आले होते.

२८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशन संपल्यानंतरही चालू राहणारे निलंबन घटनाबाह्य ठरविले. त्यामागील तर्क मननीय आहे. सदस्याची हकालपट्टी झाली तर रिक्त जागेसाठी सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. दीर्घ निलंबनात जागा भरलेलीच राहते आणि मतदारसंघ मात्र मुका होतो.

सभागृहाची प्रतिष्ठा राखलीच पाहिजे; पण शिस्तीचे प्रयोजन कामकाज सुरळीत चालावे एवढेच. विरोधकांची बाके रिकामी करणारी शिस्त सभागृहाचीच हानी करते.