ग्वाममधील तपकिरी वृक्षसर्प : एका कारणाचा शोध

पश्चिम प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर एक परका साप उतरला. ॲडमिरल्टी बेटांवरून येणाऱ्या लष्करी सामानातून तो आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. महाराष्ट्रातील मांजऱ्या साप याच प्रजातीतला. रात्री झाडावर चढून घरटी लुटणारा असा साप मात्र ग्वामच्या पक्ष्यांना सर्वस्वी अपरिचित होता.

पुढे दक्षिणेकडील रानांतून पक्षी नाहीसे होऊ लागले. कोणी कीटकनाशकांकडे बोट दाखविले, कोणी रोगराईकडे. दिवसा दडून राहणाऱ्या प्राण्यावर संशय येण्यास विलंब लागावा, हे स्वाभाविकच होय. ज्युली सॅव्हिज यांनी या दोन्ही शक्यता तपासल्या. परंतु त्यांचा सर्वांत बोलका पुरावा ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. कोणत्या भागात साप प्रथम केव्हा दिसला, हे रहिवाशांकडून मिळवून त्यांनी त्याचा कालक्रम लावला. पक्ष्यांच्या नाशाचा क्रम त्याच्याशी जुळला. दोन्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकले होते. त्यांचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. ग्वामचा माशीमार पक्षी १९८४ नंतर कोणाच्या दृष्टीस पडलेला नव्हता.

पक्षी गेल्यावर रानात कोळी बेसुमार वाढले. २०१२ मधील एका अभ्यासानुसार पावसाळ्यात त्यांची संख्या शेजारच्या बेटांच्या चाळीसपटीपर्यंत जाते. को-को हा न उडणारा पक्षी पिंजऱ्यात वाचला. २०१० साली त्याला सापमुक्त अशा कोकोस या लहानशा बेटावर सोडण्यात आले. २०२० साली तेथेही तो साप आढळला.